पुणे ते पंढरपूर, भर मे महिन्यात: सायकलस्वाराच्या घामाचा हिशेब

भिगवणच्या अलीकडे, सोलापूर रस्त्याच्या कडेला एका कडुनिंबाखाली आम्ही सातजण थांबलो होतो. सकाळचे साडेदहा. आमच्यातल्या एकांनी सायकल झाडाला टेकवायच्या ऐवजी चालता चालता तशीच सोडून दिली. ती आदळली, पण त्यांनी मागं वळूनही पाहिलं नाही. पाण्याची बाटली हातात दिली, तर टोपण न उघडताच तोंडाला लावली. ‘काका, बसा जरा’ म्हटलं तर खेकसले. एरवी हा माणूस आवाज चढवून बोलणाऱ्यांतला नाही. आणि तोंडात एकच वाक्य: ‘लोकांनी किलोमीटरला दहा रुपये कबूल केलेत. पंढरपूर गाठायलाच पाहिजे.’

काका आज ठणठणीत आहेत. पुढं काय झालं ते ओघात येईलच. एका खेड्यातल्या शाळेच्या वसतिगृहाचं छप्पर दुरुस्त करायचं होतं आणि जूनच्या मध्याला मुलं परत यायच्या आत ते व्हायला हवं होतं, म्हणून मे महिना. आषाढी वारीच्या दिवसांत सायकलवर पंढरपूरला जाणारे गट बरेच असतात, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, हवा उतरलेली असते. मे महिन्यातले हेच दोनशे दहा किलोमीटर म्हणजे वेगळं प्रकरण आहे. पाय तयार असून भागत नाही. शरीरात तयार होणारी उष्णता बाहेर कशी टाकायची, हा खरा प्रश्न असतो. आणि राइड कुणासाठी तरी पैसे जमवायला काढलेली असली, तर त्यात आणखी एक धोका मिसळतो, त्याकडं शेवटी येतो.

पोटात पेटलेले बल्ब

सपाट रस्त्यावर बेताच्या वेगानं सायकल चालवताना आपण पेडलवर साधारण शंभर वॅटचं काम करतो. म्हणजे जुना पिवळा बल्ब जळेल एवढं. पण आपले स्नायू फार कार्यक्षम यंत्र नाहीत. खाल्लेल्या अन्नातून मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम वीस ते पंचवीस टक्के चाकापर्यंत पोहोचते, उरलेली उष्णता होते. चाक फिरवायला एक बल्ब, तर अंगात नुसते तापत बसलेले तीन-चार.

ही उष्णता बाहेर गेलीच नाही तर काय होईल? सत्तर किलोच्या माणसाचं शरीर एक अंशानं तापायला सुमारे २४५ किलोज्यूल लागतात. साडेतीनशे वॅटनं तेवढी उष्णता बारा मिनिटांत जमते. म्हणजे ३७ वरून ४० अंशांवर जायला तासभरसुद्धा लागणार नाही. असं होत नाही, कारण घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर तो सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. तासाला अर्धा लिटर घाम वाळला की या बल्बांची सोय लागली. वर ऊन, तापलेलं डांबर आणि गरम हवा आपल्यावर उष्णता ओततच असतात, त्यांचा हिशेब वेगळा. सावलीत बसलेल्या माणसाची त्वचा हवेपेक्षा गरम असते, म्हणून वाऱ्यानं बरं वाटतं. हवा ३५-३६ अंशांच्या वर गेली की हे उलटतं: वारा उष्णता नेत नाही, आणून देतो. तिथून पुढं आपला एकमेव वाली घाम.

घामाचं सगळं गणित माठात दिसतं. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी वाळतं, वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. पावसाळ्यात तोच माठ ओलाचिंब असतो, पण आतलं पाणी कोमटच. कारण हवा आधीच ओली, पाणी वाळणार कुठं? नितळून खाली पडलेला घाम असाच फुकट जातो. घाम येणं महत्त्वाचं नाही, वाळणं महत्त्वाचं.

म्हणून मला इंदापूरच्या चाळीसपेक्षा अलिबागच्या चौतीसची जास्त धास्ती वाटते. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावरच्या सोहळ्यात उन्हाच्या त्रासानं चौदा माणसं गेली. ती सायकल चालवत नव्हती, उन्हात बसलेली होती. तिथला पारा त्या दिवशी विदर्भाच्या मानानं काही फार नव्हता. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी भागाला किमान ४० अंश धरतं आणि किनाऱ्याला ३७, त्यामागं असा अनुभव आहे.

फोनवर दिसणारं तापमान हे सावलीतल्या, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या थर्मामीटरचं असतं. रस्त्यावर आपण त्या पेटीत नसतो. अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणतळावर १९५० च्या दशकात उन्हानं रंगरूट कोसळायला लागले, तेव्हा एक वेगळं मोजमाप निघालं. त्यात तीन थर्मामीटर: एकाच्या टोकाला ओलं फडकं, दुसरा काळ्या गोळ्यात उन्हात ठेवलेला, तिसरा साधा. ओल्या फडक्याच्या आकड्याला ७० टक्के वजन, काळ्या गोळ्याला २०, आणि ज्या आकड्यावर आपण चहाच्या टपरीवर चर्चा करतो त्या साध्या तापमानाला फक्त १०. मोठ्या शर्यती आज याच मोजमापावर चालू ठेवायच्या की थांबवायच्या ते ठरतं.

आता वाऱ्याची एक गंमत, जी मला कळायला तीन उन्हाळे लागले. मे महिन्यात दुपारनंतर आपल्याकडं वारा पश्चिमेकडून येतो. पुण्याहून सोलापूरकडं निघालेल्याला तो पाठीवर मिळतो आणि सगळे खूश होतात. ताशी पंचवीसनं जाताना पाठीमागून वीसचा वारा असला, तर अंगाला लागणारी हवा उरली ताशी पाच. पाय हलके, वेग छान, आणि अंगावरचा घाम वाळायला वाराच नाही. घाटातही तेच होतं: वेग आठ-नऊवर येतो, कष्ट दुप्पट, वारा गायब. समोरचा वारा शिव्या खातो, पण तुम्हाला गार ठेवत असतो. पाठीवर वारा असलेल्या तासांत मी मुद्दाम एक गिअर हलका ठेवतो आणि डोक्यावर पाणी ओततो. वेग मिळतोय म्हणून पाय चालवत राहण्याचा मोह तिथंच सगळ्यात जास्त होतो.

पहाटेचा सराव पुरत नाही

आमच्यातले बहुतेक पहाटे पाच ते सात सराव करणारे. नंतर आंघोळ, डबा, आणि दिवसभर एसी. अशानं पाय तयार होतात, फुप्फुसं तयार होतात, पण शरीर उन्हाला तयार होत नाही. हे दोन वेगवेगळे सराव आहेत.

दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणींत विसाव्या शतकाच्या पहिल्या तिसेक वर्षांत कामगार उष्म्यानं मरायचे. जास्त करून नवीन आलेले. मग लक्षात आलं, की नव्या माणसाला थेट तळाशी न पाठवता काही दिवस उष्ण जागेत हळूहळू वाढतं काम दिलं, की तोच माणूस तग धरतो. आज खेळाडू नेमकं तेच करतात. उन्हात रोज तासभर बेताचे कष्ट केले की चार-पाच दिवसांतच रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, त्यामुळं हृदयाचे ठोके त्याच वेगाला कमी पडतात. मग घाम लवकर यायला लागतो, जास्त येतो, आणि गंमत म्हणजे कमी खारट येतो, शरीर मीठ राखून ठेवायला शिकतं. हे सगळं बसायला दहा ते चौदा दिवस लागतात. आणि एसीत परतलं की दोन-तीन आठवड्यांत बरंचसं विरून जातं. मार्चमध्ये घेतलेलं ऊन मे महिन्यात कामाला येत नाही.

तेव्हा राइडच्या आधीचे दोन आठवडे सरावाची वेळ बदला. सकाळी आठ ते साडेनऊ, नाहीतर संध्याकाळी साडेचार ते सहा. सुरुवातीला चाळीस मिनिटं, मग वाढवत दीड तासापर्यंत. वेग कमी. चढ आणि लांब अंतर यांचा सराव पहाटेच ठेवा. दोन्ही एकदम करायला गेलात तर आठवड्याभरात गळून जाल. दुपारी बारा वाजता बाहेर पडून शौर्य दाखवायची गरज नाही. शेवटचे तीन दिवस आराम, आणि त्यात लग्नाचं जागरण नको. मे महिन्यात हे सांगणं किती व्यर्थ आहे ते मला माहीत आहे. पण कमी झोप, नुकताच येऊन गेलेला ताप, पोट बिघडलेलं असणं, आदल्या रात्रीची दारू, यांतलं काहीही उन्हात माणसाला आडवं करायला पुरतं.

अंतराचं म्हणाल तर माझा अंदाज साधा आहे. एका दिवसात शंभर किलोमीटर झाले आणि दुसऱ्या सकाळी उठून न कुरकुरता चाळीस झाले, की दोन दिवसांच्या पंढरपूरला तुम्ही तयार आहात. पहिल्याचं कौतुक सगळे करतात, परीक्षा दुसऱ्याची असते. कारण सीटवर बसायची जागा दुसऱ्या सकाळीच बोलते.

किती प्यायचं

‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला निरुपयोगी आहे. भरपूर म्हणजे किती? माझं भरपूर आणि तुमचं भरपूर वेगळं. पण मोजणं सोपं आहे. घरातला वजनकाटा घ्या. लघवीला जाऊन या, कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर उन्हात सायकल चालवा, अंग पुसून पुन्हा वजन करा. जेवढं वजन उतरलं त्यात मध्ये प्यायलेलं पाणी मिळवा. एक किलो म्हणजे एक लिटर. एप्रिलमध्ये सकाळी नऊला माझं उत्तर आलं तासाला १.१ लिटर. माझ्या मेव्हण्याचं, तोच रस्ता, तोच वेग, ६०० मिलिलिटर. आम्ही दोघांनी एकाच मापानं पाणी प्यायलं तर एक जण कोरडा पडेल नाहीतर दुसरा फुगेल.

गेलेलं सगळं त्याच तासात भरून काढायचं नसतं. चालत्या सायकलवर बहुतेकांच्या पोटाला तासाला लिटरभरापेक्षा जास्त झेपतही नाही, पाणी नुसतं आत हिंदकळत राहतं. वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटू द्यायचं नाही, एवढं धोरण पुरे. सत्तर किलोच्या माणसाला १.४ किलोपर्यंत घट चालते, उरलेलं दुपारच्या मुक्कामात भरून निघतं.

उलटी चूक आपल्याकडं कुणी फारशी बोलत नाही, आणि दानासाठीच्या राइडमध्ये तीच होण्याची शक्यता जास्त. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम नेहमीच्या पातळीच्या खाली गेलेलं निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन वाढलं, ते यात ठळकपणे होते. म्हणजे सावकाश चाललेले आणि दिसेल त्या टेबलावर पाणी पिणारे. आता पंढरपूरचा रस्ता डोळ्यापुढं आणा. दर दहा किलोमीटरवर कुणीतरी तांब्या घेऊन उभं असतं, ‘माउली, पाणी घ्या’ म्हणतं, आणि नाही म्हणणं जिवावर येतं. घ्यावं, दोन घोट प्यावं, उरलेलं डोक्यावर ओतावं. देणाऱ्याचाही मान राहतो. मुक्कामाला वजन सकाळपेक्षा जास्त भरलं, डोकं दुखतंय, मळमळतंय, बोटांतली अंगठी घट्ट झालीय, तर ते ऊन नव्हे, ते जास्त झालेलं पाणी. तिथं आणखी पाणी पाजणं घातक.

घामात पाण्याबरोबर मीठ जातं. किती, ते माणसागणिक बदलतं: लिटरमागं अर्ध्या ग्रॅमपासून दीड ग्रॅमपर्यंत सोडियम. काळा टी-शर्ट वाळल्यावर पाठीवर पांढरे नकाशे उमटत असतील, तर तुम्ही खारट जातीचे. इथं ओआरएसची गोष्ट सांगायलाच हवी. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावला आले, छावणीत पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोज पाण्यात कालवून ड्रममधून ते लोकांना पाजायला लावलं आणि हजारोंचे प्राण वाचवले. त्यामागचं विज्ञान असं, की आतड्याच्या भिंतीत सोडियम आणि ग्लुकोज यांना एकत्र आत घेणारी एक वाट असते. दोघं जोडीनं गेले की पाणी त्यांच्यामागून जातं. नुसतं पाणी किंवा नुसती साखर यांना ते तितकंसं जमत नाही.

पाकिटातला ओआरएस जुलाबासाठी बनवलेला आहे, लिटरला साखर फक्त साडेतेरा ग्रॅम. त्यामुळं तो मीठ भरून काढतो, पण पायांना इंधन देत नाही. मी दोन बाटल्या लावतो. एकीत साधं पाणी, तेच डोक्यावर ओतायलाही. दुसरीत घरचं: लिटरला पाव चमचा मीठ, दोन मोठे चमचे साखर, एक लिंबू. पाव चमचा मिठात सहाशे मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम येतं, माझ्यासारख्याला ते पुरतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी हे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं. पाकीट घ्यायचं तर त्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते पाहा. टेट्रापॅकमधली गोडमिट्ट सरबतं वर्षानुवर्षं ओआरएसच्या नावावर खपत होती, अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं तसल्या पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली.

खाण्याचं थोडक्यात: तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ. एका मोठ्या केळ्यात पंचवीसेक असतात. राजगिऱ्याचा लाडू, खजूर, चिक्की, सगळं चालतं. उन्हात गोडाची शिसारी येते, तेव्हा खारे शेंगदाणे आणि उकडलेला बटाटा देवासारखा वाटतो. ताक आणि पन्हं मुक्कामाला, चालत्या सायकलवर नको. उसाचा रस उत्तम, पण त्यातला बर्फ कुठल्या पाण्याचा हे कळायला मार्ग नाही, म्हणून बिनबर्फाचा. चहा प्यायलात म्हणून अंगातलं पाणी जात नाही, बिनधास्त प्या.

घड्याळ

आता आमची चूक. पहिल्या वर्षी साडेचारला निघायचं ठरलं होतं. झेंडा दाखवायला पाहुणे यायचे होते, ते आले साडेपाचला. मग नारळ, दोन भाषणं, फलक धरून फोटो, त्यात एकाचे डोळे मिटले म्हणून पुन्हा फोटो. हडपसर सोडलं तेव्हा सहा वाजले होते. दीड तासाचा गारवा हारतुऱ्यांत गेला आणि तो भरून काढायला आम्ही यवत, पाटस ताशी तेवीस-चोवीसनं मारलं. काकांचं जे झालं ते साडेदहाला झालं, पण त्याची सुरुवात त्या मंचावर झाली होती.

मे महिन्याच्या मध्यावर सूर्य पुण्याच्या बरोबर डोक्यावरून जातो. शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो हाच, १३-१४ मेच्या सुमाराचा. रस्त्याकडेची झाडं एरवी डांबरावर थोडीतरी सावली टाकतात. या दिवसांत दुपारी बाराला ती आपल्याच बुंध्याशी गोळा झालेली असते, सायकलस्वाराच्या वाट्याला काही येत नाही. ऊन सर्वांत कडक साडेबाराला, पण हवा सर्वांत गरम तीनच्या सुमाराला, कारण जमीन तोपर्यंत तापतच राहते. तेव्हा ‘एकदा बारा टळले की निघू’ हा बेत फसवा आहे.

आता आमचं वेळापत्रक असं असतं. झेंडा, नारळ, भाषणं, सगळं आदल्या संध्याकाळी. पहाटे चारला निघायचं, साडेदहाच्या आत भिगवण, म्हणजे पुण्याहून शंभर-एकशे पाच किलोमीटर. वाटेतले थांबे धरूनही ताशी अठराची सरासरी पुरते. तिथं पंख्याखाली जेवण, झोप, आणि उजनीच्या मासळीवर ताव मारायचा मोह आवरायचा. पाचला निघून तिन्हीसांजेला इंदापूर. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे चार, टेंभुर्णीवरून नवाच्या आत पंढरपूर. पहाटेचा दीड तास अंधार असतो आणि हा राष्ट्रीय महामार्ग आहे, ट्रकवाले झोपेला आलेले असतात. मागचा लाल दिवा, चमकणारं जाकीट, एकामागं एक चालणं, यात सूट नाही. ज्याचा दिवा बंद पडला तो टेम्पोत.

सायकलीबद्दल फार सांगत नाही, तुमचा दुकानदार सांगेल. दोनच गोष्टी. एक, टायरमधली हवा तापून फुगते. सकाळी ८० पीएसआय भरलेली हवा तीस अंशांनी तापली की ८९-९० वर जाते. म्हणून टायरच्या काठावर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत भरू नका. दोन, या पट्ट्यात वेड्या बाभळीचे काटे. पंक्चर काढून नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवा, नाहीतर तोच काटा दुसरी ट्यूब खातो. मी हे दोनदा शिकलोय.

कपड्यांत पूर्ण बाह्यांचा पातळ, फिकट शर्ट, हेल्मेटखाली ओलं उपरणं मानेवर लोंबतं ठेवलेलं. गादीवाली शॉर्ट अंतर्वस्त्राशिवाय घालायची असते, हे लाजेपोटी कुणी सांगत नाही आणि मग दुसऱ्या दिवशी सगळे फेंगडे चालतात. कातडं घासतं तिथं व्हॅसलीन किंवा खोबरेल. आणि बाटलीवर ओला सुती मोजा चढवा. कोरड्या हवेत चालत्या सायकलवर तोच माठ होतो, पाणी पिण्याजोगं गार राहतं.

काकांना काय झालं होतं

उन्हानं थकलेला माणूस गळतो, घामेजतो, त्याला चक्कर येते, पायात गोळे येतात, पण तो बोलतो ते नीट बोलतो. सावली, पाय वर, थंड पाणी, मीठ, आणि तो तासाभरात माणसांत येतो. त्या दिवसापुरती मात्र त्याची राइड संपली. माणूस असंबद्ध वागायला लागला, चिडला, अडखळला, की ती उष्माघाताची खूण समजायची. अंगाला घाम आहे म्हणून ‘उष्माघात नसेल’ असं म्हणू नका. कष्ट करताना झालेल्या उष्माघातात माणूस घामानं निथळत असू शकतो. काखेत थर्मामीटर लावून ३८ दिसलं म्हणून निश्चिंतही होऊ नका, आतलं तापमान त्याहून बरंच वर असतं.

अशा वेळी आधी गार करायचं, मग हलवायचं. आमच्या टेम्पोत वीस-वीस लिटरचे दोन जार होते. काकांचा शर्ट काढला, ताडपत्रीवर आडवं केलं, दोन्ही जार त्यांच्यावर रिकामे केले, दोघांनी खोक्याचे पुठ्ठे घेऊन वारा घातला. शीतपेयांच्या पेटीतला बर्फ रुमालात बांधून मानेला, काखेत, जांघेत. एकानं तोवर १०८ ला फोन लावला. शुद्ध डळमळीत असलेल्याला पाणी पाजायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळीही द्यायची नाही. हा ताप जंतूंचा नसल्यामुळं ती उतरवू शकत नाही, उलट यकृतावर भार. पंधरा मिनिटांनी काका म्हणाले, ‘माझी सायकल कुठाय?’ आणि आम्ही श्वास सोडला. तरी दवाखान्यात नेलंच, रात्रभर ठेवलं.

तिथं डॉक्टरांनी औषधांची चौकशी केली आणि कळलं, की रक्तदाबासाठी ते लघवी वाढवणारी गोळी घेतात. शिवाय गुडघा दुखतो म्हणून सकाळीच एक वेदनाशामक घेतली होती. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, सर्दीच्या, नैराश्याच्या काही गोळ्या, हृदयाचे ठोके कमी करणाऱ्या गोळ्या, यांतल्या प्रत्येकीचा उन्हाशी काही ना काही झगडा असतो. आणि अंगात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडाला महागात पडतात. मनानं गोळी बंद करू नका, पण राइडच्या महिनाभर आधी डॉक्टरांना बेत सांगा. आमच्या नोंदणीच्या कागदावर हा रकाना नव्हता. रक्तगट होता, टी-शर्टचं माप होतं.

किलोमीटरला दहा रुपये

आता तो दुसरा धोका. स्वतःच्या मजेसाठी निघालेला माणूस चक्कर आली की थांबतो आणि टपरीवर बसतो. चाळीस जणांकडून पैसे मागून निघालेला माणूस थांबत नाही. थांबणं म्हणजे मुलांच्या डोक्यावरचे पत्रे कमी करणं, असं त्याला वाटतं. आणि ऊन लागल्यावर सगळ्यात आधी जाते ती सारासार बुद्धीच, म्हणजे थांबायचा निर्णय ज्या यंत्रानं घ्यायचा तेच यंत्र नादुरुस्त.

म्हणून किलोमीटरवर पैसे लावणं आम्ही बंद केलं. देणगी राइडला, अंतराला नाही. आणि थांबवायचा अधिकार टेम्पोत बसलेल्या, सायकल न चालवणाऱ्या माणसाकडं. त्यानं ‘उतर’ म्हटलं की उतरायचं, वाद मुक्कामाला घालायचा. तसं पाहिलं तर पहिल्या वर्षीही छपराचे पैसे पूर्ण जमले. काका शंभरावरच थांबले हे सगळ्यांना कळवलं होतं, पण एकाही देणगीदारानं उरलेल्या एकशे दहाचे पैसे कापून घेतले नाहीत.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या आणि पावती संस्थेचीच. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीवर मिळत नाही, हे आधीच सांगितलं तर मार्चमध्ये फोन येत नाहीत. न्यू जर्सीतला भाचा पैसे पाठवतो म्हणाला तर पासपोर्ट कुठला ते विचारा. भारतीय नागरिक असेल तर त्याची स्वतःच्या कमाईची देणगी बँकेतून चालते. अमेरिकी नागरिक झाला असेल तर ती परदेशी देणगी, आणि संस्थेकडं परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी नसेल तर ती घेता येत नाही. टेम्पोचं डिझेल, केळी, टी-शर्ट यांचा खर्च आम्ही सायकलस्वार वर्गणी काढून करतो, देणगीतला रुपया त्यात जात नाही.

गेल्या दोन वर्षांपासून टेम्पोत काका असतात. मांडीवर नोंदवही, पायाशी घरून आणलेला वजनकाटा. भिगवणला सायकल टेकवली की आधी काट्यावर उभं राहायचं, मग टोपण नीट उघडून दाखवायचं, मगच चहा.